शनिवारची मॅच आणि आबांचा पितळी पेला

१ नोव्हेंबर, शनिवार

आबा वर गेले! आपणहून नाही, वरच्या चौधरी वहिनी हाताला धरून घेऊन गेल्या. पण गेले.

दिवाळीनंतर सोनगीरहून त्यांना इथे जळगावला आणलं, तेव्हापासून गॅलरीतली खुर्ची सुटली नव्हती. आई गेल्यापासून असंच. अर्धी भाकरी, तीही कुस्करून ताटात ठेवायची. बोलणं हां-हूं. वहिनी म्हणाल्या, "आबा, मॅच लागलीय, चला वर." मनात म्हटलं, या माणसाला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नाही, कसले जातायत. तर चपला घातल्या की! मी पिठाचे हात घेऊन दारात उभी.

आठाच्या सुमारास खाली आले. जेवायला बसले. आणि: "मीना, आखो एक भाकर शे का?"

दि.ने माझ्याकडे पाहिलं, मी दि.कडे. लग्नातसुद्धा आम्ही दोघांनी एकमेकांकडे इतकं पाहिलं नसेल.

२ नोव्हेंबर, रविवार

वहिनींना विचारलं, काय जादू केलीत. म्हणाल्या, काही नाही गं, चार माणसं, टीव्ही, शेंगदाणे. भाऊंचं (चौधरींचं) शनिवारचं मंडळ आहे. रिटायर झाल्यापासून काढलंय. जरा 'थोडीफार घेतात' असं ऐकून होते. आबांसमोर नाही ना घेत, असं विचारायचं होतं. राहिलं.

आबांसमोर कोणाची हिंमत आहे म्हणा. ज्या माणसाने गावातली हातभट्टी फोडली, बायकांना घेऊन दोन वेळा फोडली. वरातीत पिऊन नाचणाऱ्यांच्या घरी जेवला नाही. गळ्यात माळ. खोकल्याचं औषध आणलं तरी आधी विचारतात, यात 'ते' नाही ना.

आणि पोपटकाका. सख्खा धाकटा भाऊ. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना पिऊन आले आणि मांडवाचा खांब घेऊन पडले. आबांनी अक्षता टाकल्या, मग मनगटाला धरून काकांना फाट्यावर नेलं आणि हायवेवरून शिरपूरकडे जाणाऱ्या ट्रकात बसवून दिलं. काकू मागून गेली. तेव्हापासून आमच्या घरात ते नाव नाही. आईने एकदा काढलं होतं, तर आबा दोन दिवस जेवले नव्हते.

८ नोव्हेंबर, शनिवार

आबा पाच वाजल्यापासून तयार! धुतलेला सदरा. सोबत स्वतःचा पितळी पेला. सोनगीरचा, आईला माहेरून मिळालेला, तिचं नाव कोरलेला. काचेच्या ग्लासात ते पाणीही पीत नाहीत, "काच आपली नही" म्हणतात. म्हटलं, वर पेला कशाला? "भाऊ औषध देस. द्राक्षासव."

बरं. द्राक्षासव चांगलंच. आईलाही द्यायचे वैद्य.

सात वाजता वरून हसण्याचा आवाज. चार-पाच जणांचा, आणि त्यात एक आबांचा. फोडणीतली मोहरी करपली माझी. आबा हसतात कसे हे मी विसरले होते.

९ नोव्हेंबर, रविवार



सकाळी पेला घासायला घेतला. आतून हिरवट. पितळेत आंबट ठेवलं की कळकतं तसं. द्राक्षासव इतकं आंबट? हुंगलं. पुन्हा हुंगलं. तशीच ओल्या हातांनी जिना चढले.

"भाऊ, आबांना काय देता तुम्ही?"

भाऊंनी पेपर खाली ठेवला. चाळीस वर्षं बँकेत काढलेला माणूस, शाळकरी पोरासारखा वहिनींकडे बघायला लागला. वहिनीच बोलल्या, "अगं, पहिल्या दिवशी आबांनी बाटली बघितली. 'हाई काय शे?' हे म्हणाले, 'द्राक्षाचं आहे.' आबा म्हणाले, 'द्राक्षासव?' आणि यांनी मान हलवली!"

"घाबरलो गं," भाऊ म्हणाले. "माळकरी माणूस. वाईन म्हटलं असतं तर उठून गेले असते. इतके छान बसले होते…"

वाईन!! आबांना!!! दोन शनिवार!!!!

मला बसायला खुर्ची दिली. पाणी दिलं. पाणी आधी हुंगून पाहिलं मी. मग आठवलं आणि ओरडलेच, "आणि तीही पितळी पेल्यात? कल्हई उडालेल्या? वाईन राहू द्या, पितळेनेच गेले असते आबा!" हे भाऊंच्या डोक्यातच आलं नव्हतं. कपाळाला हात लावून बसले.

१० नोव्हेंबर, सोम.

दि.चं म्हणणं, "चार घोट. जेवतायत, बोलतायत, झोपतायत. गप्प बस." नळ्या विकून विकून त्याला सगळं ठिबक नळीसारखं वाटतं, थेंब थेंब गेलं की पीक येतं.

मी म्हटलं, जन्मभराचा नेम आहे त्यांचा, आपण कोण मोडणारे.

"मग सांग त्यांना."

सांगते म्हणून गॅलरीत गेले. आबा केस विंचरत होते. मला म्हणाले, "शनवारले कोनती मॅच शे?"

नाही सांगू शकले.

१२ नोव्हेंबर, बुध.

काय केलं मी आज? पेल्याला कल्हई लावून आणली. सांगायचं धाडस नाही, तर निदान कळकू नये! दुकानदार म्हणाला, ताई, ताक पिता का यात? म्हटलं, हो. खोटं बोलायला एकदा तोंड उघडलं की मिटत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज मीही वर गेले. पहारा ठेवायला.

मंडळ म्हणजे भाऊ, वहिनी, शेजारचे सोनवणे सर (चित्रकलेचे, ते पण रिटायर) आणि आता आबा. एक बाटली, ती सगळ्यांत मिळून. थंड राहावी म्हणून ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या तिवईखाली. सर चष्मा लावून लेबल मोठ्याने वाचतात, पोथी वाचावी तसं. "ओक लाकडाचा गंध." भाऊ: ओक म्हणजे? सर: असेल आपल्या सागासारखं. "शेवटी चॉकलेटची छटा." आबा: "गूळ टाकेल व्हई."

मग प्रत्येकाने मत द्यायचं. मतं अशी: 'भरितासोबत चालेल.' 'शेवभाजीपुढे टिकणार नाही.' 'पाहुणे आले तर द्यावी.' 'पाहुणे जावेत असं वाटलं तर द्यावी.' संपलं. याच्यापुढे कोणालाही काही कळत नाही.

मॅचचंही तेच. एलबीडब्ल्यू दिला तर आबा चिडले. पायाला लागला तर लागला, त्यात बाद काय? भाऊंना समजावता येईना, सर म्हणाले नियम आहे बुवा, मला पण नाही कळत. बॅट्समन धावायला लागला की आबा खुर्चीतून अर्धे उठतात, "पाय धर ना त्याना!" तरुणपणी गावच्या संघात खेळलेले, त्यांची सगळी मॅच कबड्डीच. आणि कोणी हसत नाही. म्हणजे हसतात, पण आबाही हसतात.

मला वाटलं होतं अड्डा असेल. ही तर बालवाडी.

वहिनींनी मलाही दिली. बोटभर. म्हटलं, नको. मग घेतली. आंबट, तुरट, ई. मग बरी. मग बघते तर ग्लास रिकामा, आणि मी चौकार गेला म्हणून सोनवणे सरांना टाळी देतेय! चोपन्न वर्षांची बाई! घरी येऊन दात घासले.

आबांनी दुसरा पेला मागितला नाही. भाऊंनी विचारलं तर पेल्यावर हात ठेवला. "बस. औषध औषधासारखं."

२२ नोव्हेंबर, शनिवार

आज क्रिकेट नव्हतं. कबड्डीचे जुने सामने दाखवत होते, भाऊंनी तेच लावले. आबा टीव्हीच्या इतके जवळ जाऊन बसले की आम्हाला त्यांची पाठच दिसत होती.

एका पोराने चढाई करणाऱ्याचं मनगट धरलं आणि जागचा हलू दिला नाही. आबा वळले, डोळे चमकत होते. आणि म्हणाले:

"उजवा कोपराले पोपट राहे मना. त्याना हातमाईन कोनी सुटेच नही."

माझ्या हातातली शेंगदाण्यांची बशी पडली. फुटली. वहिनी "असू दे, असू दे" म्हणत झाडू आणायला गेल्या, त्यांना काय माहीत. सर म्हणाले, "पोपट कोण, आबा?"

"मना भाऊ."

आणि पुन्हा टीव्हीकडे. मी काचा वेचत तिथेच फरशीवर बसले. माझ्या लग्नानंतर पहिल्यांदा. 'मना पोपट' म्हणाले.

२३ नोव्हेंबर, रवि.

दि.ला सांगितलं. तो म्हणाला, वाईनने बोलले. मी म्हटलं, नाही, कबड्डीने. वाद. शेवटी ठरलं की दोन्हीने, आणि शेजारी माणसं होती म्हणून.

सांगायला हवं आता. हे 'औषध' जितकं लांबेल तितकं अवघड. पुढच्या रविवारी भाऊंनी भरीत पार्टी ठरवलीय, ती होऊ दे, मग सांगेन.

३० नोव्हेंबर, रविवार

सांगायची वेळच आली नाही. झालं.

असोद्याला भाऊंच्या पुतण्याच्या शेतात भरीत पार्टी. काट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या, कांद्याची पात. आमचं सगळं शनिवार मंडळ, शिवाय पुतण्याकडचे. आबा खुश. वांगी ठेचायला स्वतः बसले. भाऊंनी हळूच बाटली काढली, आबांच्या पेल्यात नेहमीएवढी ओतली. मी डोळ्यांनी नको नको करतेय.

आणि पुतण्या, मनाचा मोठा, आवाजाचा त्याहून मोठा, लांबूनच: "वा आबा! माळकरी असून वाईन? मानलं बुवा तुम्हाला!"



आबांनी पेल्यात पाहिलं. मग भाऊंकडे. भाऊ बाटलीकडे. मग माझ्याकडे.

"मीना. हाई दारू शे?"

"हो, आबा."

"तुले माहीत व्हतं?"

"हो."

पेला खाली ठेवला. उलटा नाही केला, फेकला नाही, सरळ ठेवला, सांडू नये असा. उठून केळीच्या बांधापर्यंत गेले आणि पाठमोरे उभे राहिले. भाऊ मागे जायला निघाले, मी धरून बसवलं. मला वाटलं, हे आता इथून पायी सोनगीरला निघणार.

आले परत. बसले. भरीत वाढून घेतलं. जेवले. माझ्याने घास गिळवेना आणि ते जेवले!

मला मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

१ डिसेंबर, सोम.

सकाळी देवापुढे माळ. काढून ठेवलेली. निरांजनाशेजारी गुंडाळून.

आबांचा गळा मी जन्मात असा उघडा पाहिला नव्हता. रडले. ते म्हणाले, "रडू नको. मोडना तो मोडना. खोटं घालीसन काय फिरू?" आवाजात राग नाही. राग असता तर बरं झालं असतं.

भाऊ येऊन पाया पडले. त्यांनाही तेच: मोडना तो मोडना. चहा दिला त्यांना. आबांनीच द्यायला सांगितला.

३ डिसेंबर, बुध.

आज बोलले. मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. अगदी साध्या आवाजात, भाजीचं विचारावं तसं.

"मीना, मी दर शनवारले एक पेला पीसन थांबी जाऊ. कोनी माले अडकाडं नही. माले काही जड नही गयं."

"हो आबा."

"मंग पोपट काबर नही थांबना?"

हातातला टॉवेल तसाच.

म्हटलं, "आबा, काहींना थांबता येत नाही. तो आजार असतो. तुम्हाला थांबता आलं म्हणजे त्यांना येत होतं असं नाही."

त्यांनी खाली पडलेला चिमटा उचलून माझ्या हातात दिला. मग: "माले वाटे, त्याले थांबानंच नही. मुद्दाम करस. माले खाली देखाडाले करस."

एवढी वर्षं आबा हे उराशी धरून बसले होते. मांडवात पडलेला भाऊ आपली अब्रू घालवायला पडला असं धरून चालले होते. मला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी इतकी कीव आली की काय करावं कळेना. टॉवेल पुन्हा पिळला, आधीच पिळलेला होता.

आत येताना मागून: "शिरपूरले फोन लाव."

४ डिसेंबर, गुरु.

शिरपूरला फोन लाव! नंबर कोणाकडे आहे? पत्ता कोणाकडे आहे? जिवंत आहेत का, हेही आपल्याला ठाऊक नाही!

सोनगीरला अक्काआत्याला फोन केला, आबांची धाकटी बहीण. चाचरत म्हटलं, आत्या, पोपटकाकांचा काही ठावठिकाणा…

आत्या म्हणाली, "लिही ले."

नंबर! तोंडपाठ! दर राखीला जाते म्हणे त्यांच्याकडे. पण हा धक्का काहीच नाही. पुढचा ऐक.

काकांनी कधीच सोडली. कित्येक वर्षं झाली. एकदा कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर असताना पडले, मरता मरता वाचले, काकूने घेऊन जाऊन एका महाराजांच्या पायावर घातलं. माळ घातली. आता सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवर फिरतात, दारू सोडा म्हणून लोकांना सांगतात. पोपटबाबा म्हणतात तिकडे.

पोपटबाबा!

ओरडले मी आत्यावर. "मग आबांना का नाही सांगितलं?"

"त्यानं नाव काढू दिन्हं का कोनले?"

खरंय. काढू दिलं नाही. आणि आईही हे जाणून होती, आत्या म्हणाली. आई जाणून होती आणि जाणून गेली.

५ डिसेंबर, शुक्र.

आबांना सांगितलं. बसवून, पाणी जवळ ठेवून, डॉक्टर सांगतात तसं.

आधी समजलंच नाही. दुसऱ्यांदा सांगितलं. मग हसायला लागले. हसता हसता डोळे वाहायला लागले, सदऱ्याने पुसतायत आणि हसतायत, मी घाबरले.

"पोपटना गळामा माळ, आनि मना उघडा! मंग आते तो माले घरमाईन काढी!"

आणि एकदम हसू गेलं. "काढाले पाहिजे," म्हणाले.

फोन लावून दिला. मी स्वयंपाकघरात गेले, पण कान तिकडेच. आबा फोन घेऊन नुसते बसले होते. पलीकडून "कोन? कोन बोलस?" येत होतं. शेवटी आबा म्हणाले, "शनवारले मॅच राहस आठे. ये." आणि ठेवून दिला! स्वतःचं नावसुद्धा सांगितलं नाही!

मीच पुन्हा लावला. म्हटलं, काका, मी मीना. मग म्हणाले, "आवाज वयखा मी." इतक्या वर्षांनी ओळखला! उद्या नाही, पुढच्या शनिवारी येतो.

६ डिसेंबर, शनिवार

आबा वर गेले नाहीत. वहिनी दोनदा येऊन गेल्या. मॅचचा आवाज येत होता तर ऐकत बसले. "आउट व्हयना वाटस."

भाऊंशी बोलणं झालं. पुढच्या शनिवारी बाटली काढणारच नाही म्हणाले, कपाटात कुलूप लावतो. मी म्हटलं, तेच बरं, ज्या माणसाने इतक्या कष्टाने सोडली त्याच्यासमोर नकोच. आबांनाही पटलं. पण एक म्हणाले, "बाटली नका काढू. पन माले काही लपाडानं नही. बठ्ठं सांगस मी त्याले."

म्हटलं, आबा, इतक्या वर्षांनी येतायत, आल्या आल्या हे? चिडून उठून गेले तर? पुन्हा नाही येणार ते.

"त्याले मी भरल्या मांडवमाईन उठाडं व्हतं. त्यानं सांगाले वेळ मांगी व्हती, मी दिन्ही नही."



११ डिसेंबर, गुरु.

माळ अजून देवापुढेच. धूळ बसेल म्हणून रोज पुसते. दि. म्हणतो, काका येईपर्यंत घालायला सांग, बरं दिसेल. मी असं बघितलं की पुढचं बोललाच नाही.

शेवभाजी करू का? काकांना आवडायची. की आता तिखट खात नसतील? काही माहीत नाही. सख्ख्या काकांबद्दल काही माहीत नाही मला.

१३ डिसेंबर, शनिवार

स्वयंपाकघरात उभी राहून लिहितेय. ओट्यावर. बाहेर जायचं धाडस नाही.

काका आले. शिरपूरच्या गाडीने, हातात पिशवी, पिशवीत पपया. किती वाळलेत. मी पाया पडले, तर "मीना ना तू?" म्हणून डोक्यावर हात ठेवला आणि काढेचनात. मग आबा समोर आले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकांची नजर चेहऱ्यावरून खाली आली, गळ्यावर थांबली.

"दादा. तुनी माळ कोठे शे?"

मी दि.ला खूण केली, टीव्ही तरी लाव. काही उपयोग नव्हता. आबांनी उभ्या उभ्या सांगितलं. बठ्ठं. द्राक्षासव, पेला, किती शनिवार, असोद्याचं शेत. भाऊंना दोष दिला नाही. मला दिला नाही. "चांगलं लागे माले," हेही सांगितलं! "त्या लोकेसमा बसाले चांगलं लागे." काकांचा चेहरा दगड. एकदा वाटलं पिशवी उचलतायत.

मग आबांनी उजवा हात पुढे केला. मनगट वर करून.

"आते तू मना हात धर. आनि माले फाटावर बसाडी दे."

काकांनी धरलं. मनगटच. घट्ट, बोटं पांढरी पडली इतकं. दाराकडे नेतात की काय खरंच. नेलं नाही. खाली बसले, गॅलरीतल्या फरशीवर, आणि हात धरलेलाच असल्यामुळे आबांनाही बसावं लागलं.

तेव्हापासून तसेच आहेत. काका बोललेले नाहीत. रागावलेत, की रडतायत, की मनात नाव घेतायत, मला इथून पाठच दिसते. आबा एकदा सोडवायला गेले, चहाचा कप घ्यायला. जमलं नाही.

वरून वहिनींनी दोनदा हाक मारली. टॉस झाला म्हणे, येताय ना? काय सांगू त्यांना. हात अजून सोडलेला नाही.